गल्लीचा मध्य काढणारे नक्षेकाका

रस्त्यानं माणूस कडेनं चालतो. नक्षेकाका मधून चालायचे. हैदराबादेतला कोठीचा मोठा रस्ता असो का जामबागेतली बोळ असो, डाव्या हाताला रिक्षा, उजव्या हाताला ठेले, मागं सिटी बस ठणाणा करायली, आन् पुढं काका पायजमा चिमटीत धरून मधोमध चाललेले. बसवाला मुंडकं बाहेर काढून म्हणायचा, "ओ चचा, घर पे बोल के आए क्या?" काका थांबायचे, मागं वळायचे आन् शांतपणानं सांगायचे, "तुम बाजू से जाओ. दोनों तरफ जगा बराबर है."

आन् खरंच बराबर असायची. मोजायची गरज नव्हती.

मी एकदा म्हणलं, "काका, कडेनं चालावं की. एखाद्या दिवशी उडवील कुणी."

"कडेनं चाललं की एकाच बाजूची दुकानं दिसतात, बाई. दुसरी बाजू काय म्हणायली ते कळतच नाही."

जामबागेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नक्षे काढायचं ऑफिस होतं. घरांचे, नाल्यांचे, रस्त्यांचे नक्षे. मी तिथं झाडायचे, चहा करायचे, आन् अमोनियाच्या मशीनवर नक्षांच्या कॉप्या काढायचे. हे शेवटचं काम बाईमाणसाला कुणी देत नव्हतं. वासानं डोळ्यांतून धारा लागायच्या. आधीचा माणूस काम सोडून पळाला म्हणून मला मिळालं. मी उदगीरकडची, दुसरी शिकलेली. लग्न करून हैदराबादेत आले, दोन पोरी झाल्या. माझे मालक कामाला जायचे तो कारखाना बंद पडला, मग त्यांची छाती बिघडली, मग ते गेले. त्याच्यावर काय रडायचं ते तेव्हाच रडून झालं. अमोनियानं डोळे रोजच गळायचे, त्यामुळं कुणाला काही कळायचं पण नाही.

नक्षेकाका निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले. घरात मराठी, पण आकडे मोजायचे ते उर्दूत, आन् नक्षाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक काही लिहायचे ते पण उर्दूत. जमीनमोजणीच्या खात्यातून रिटायर झाले आन् आमच्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. हात चांगला होता म्हणून. स्वभाव चांगला होता असं साहेब पण म्हणायचे नाहीत.

पंख्याखाली बसायचे नाहीत, मे महिन्यात पण. कागद हलतो म्हणून. त्यांच्या टेबलावरचा पंखा बंद, म्हणजे शेजारच्या दोघांचा पण बंद. साहेब कपाळ पुसत म्हणायचे, "चचा, आप का कागज नहीं हलता, हमारा भेजा पिघलता."

अंदाजे हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी नवी होते तेव्हा विचारलं त्यांनी, "साखर किती घातली?" मी म्हणलं, "अंदाजे दीड चमचा." त्यांनी कप तसाच ठेवला. "मग मी पण अंदाजे पिऊ का? घोटभर तोंडात, घोटभर शर्टावर?" त्या दिवसापासून मी चमच्यावर बोट फिरवून साखर सपाट करायचे. हसू यायचं, पण करायचे.

आन् सही. नक्षा संध्याकाळी पूर्ण झाला तरी सही करायचे नाहीत. गुंडाळून कपाटावर ठेवायचे. सकाळी आल्या आल्या, चहाच्या आधी, उघडून बघायचे आन् मग सही. साहेब ओरडायचे, पार्टी खाली उभी आहे, आत्ता करा. काका म्हणायचे, "संध्याकाळी माणूस घरी जायच्या घाईत असतो. घाईतल्या माणसाला सगळ्या रेषा बरोबरच दिसतात."

सगळ्यात वेगळं त्यांच्या खिशात होतं. टिनाचा एक चपटा डबा, त्यात काळ्या गोल चकत्या. लहान अगदी पैशाएवढी, मोठी बशीएवढी, मधल्या सगळ्या मापाच्या. एकेकीच्या बरोबर मधोमध सुईनं पाडलेलं भोक. चकती उजेडात धरली की आत पांढऱ्या पट्ट्या दिसायच्या. मी विचारलं, हे काय. म्हणाले एक्स-रे. दवाखान्यातले एक्स-रे कापून केल्यात, मऊ असतात, कागद खरवडत नाहीत.

"आन् या बरगड्या कुणाच्या?"

"आमच्या घरच्यांच्या," ते म्हणाले, आन् चकती डब्यात ठेवली. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी पुढं विचारलं नाही. माझ्या घरात पण तसे तीन एक्स-रे पडून होते, मी ते पत्र्याच्या पेटीत तळाला घातले होते. यांनी कामाला लावले.

त्या चकत्यांचं काम असं. दोन वाकड्यातिकड्या रेषा असल्या, नाल्याचे दोन काठ म्हणा का गल्लीच्या दोन बाजू म्हणा, आन् त्यांचा मध्य काढायचा असला, तर पट्टी चालत नाही. एकीकडं फुगलेलं, दुसरीकडं दबलेलं. काका काय करायचे, दोन्ही रेषांना टेकेल अशी चकती मधे बसवायचे. अरुंद जागी लहान, रुंद जागी मोठी. दोन्हीकडं नुसती टेकली पाहिजे, रेषेवर चढायची नाही, मधे फट राहायची नाही. बसली की भोकातून सुई टोचायची. मग पुढं सरकायचं, दुसरी चकती. अशी शेवटपर्यंत टोचणं झाली की ती सगळी हातानं जोडायची. तोच मध्य. मला लिहितावाचता येत नाही धड, पण हे मला एका दिवसात कळलं. भाकरी थापताना परातीच्या मधे ठेवतो तसंच आहे.

त्या वर्षांत हैदराबादेत सगळंच नवीन यायलं होतं. परदेशी थंडा मिळायला लागला, कोपऱ्याकोपऱ्याला फोनचे पिवळे बूथ लागले, ज्याच्या त्याच्या तोंडात रुंद रस्ता. आमच्या ऑफिसात कंप्युटर आला. त्याच्यासाठी एसी बसवला, काचेची खोली केली. चप्पल बाहेर काढून आत जायचं. मी देवघरात कधी एवढ्या बेतानं गेले नव्हते.

कंप्युटर चालवायला पुण्याची एक मॅडम आली. नवऱ्याची नोकरी इकडं लागली म्हणून आलेली, शिकलेली, मनानं बरी. आमचं बोलणं तिला निम्मं कळायचं नाही. मी म्हणलं, "मॅडम, साहेब कवाधरून परेशान करायलेत, नक्षा द्या," तर ती नुसती बघत राहायची. मग म्हणायची, "मावशी, किती वेगळं मराठी आहे हो तुमचं." काका पलीकडून म्हणायचे, "वेगळं नाही. तुमच्याला इस्तरी आहे, आमचं वाळत घातलेलं आहे."

तर त्या ऑफिसात एक दिवस आमच्या गल्लीचं काम आलं.

मी राहते अंबरपेठेत. तेव्हा पण तिथंच. गल्ली रुंद करायची ठरली होती आन् नक्षा आमच्या साहेबांकडं आला. रुंद करायची रीत अशी, की आधी गल्लीचा मध्य काढायचा, मग त्या मध्यापासून दोन्हीकडं सारखं माप टाकायचं. मापात जे येईल ते तुटणार. म्हणजे सगळं त्या एका रेषेवर. रस्त्यावर ती रेषा कुणाला दिसत नाही, तिच्यावरून माणूस रोज चालतो, पण घर तिच्यामुळं तुटतं.

आमच्या गल्लीला एक वळण आहे. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर माझं घर, समोर बाहेरच्या बाजूला टीव्ही-फ्रिजचं नवं शोरूम. तीन मजले, समोरून काच. माझं घर म्हणजे दोन खोल्या. मागं चूल, पुढं नऊ फुटांची खोली. त्या पुढच्या खोलीत थोरलीची शिलाई मशीन, धाकटीची पुस्तकं, आन् आम्हा तिघींची झोपायची जागा. मालकांनी स्वतः विटा वाहून बांधलेली. ती गेली तर आम्ही तिघी चुलीपाशी.

मॅडमनं कंप्युटरवर मध्य काढला, नक्षा निघाला आन् कॉप्या काढायला माझ्याच मशीनवर आला. लिंबाचं झाड आन् हापशी कुठं दाखवलीय ते मला ओळखू येत होतं, त्यावरून मी माझं घर शोधलं. तुटक रेषा माझ्या पुढच्या खोलीच्या पार मागच्या भिंतीजवळ गेलेली.

मी मॅडमला विचारलं, "हे किती फूट?"

"आठ." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "का हो मावशी?"

"काही नाही," म्हणलं. कॉप्या काढल्या. चहा केला. नऊतले आठ गेले तर एक फूट उरतो. त्या एक फुटात उभं राहून मी काय करणार ते चहा उकळेपर्यंत ठरवत होते.

काकांनी तो नक्षा हातात घेतला, वळणापाशी नाक लावलं आन् म्हणाले, "ही रेषा प्यालेली आहे."

मॅडमला राग आला. "काका, मी दोन्ही बाजूंचे बरोबर शंभर शंभर भाग केलेत. इकडचा पहिला तिकडच्या पहिल्याला जोडला, दुसरा दुसऱ्याला. प्रत्येक जोडाचा मध्य काढलाय. यात चूक कुठं आहे?"

काका स्टूल ओढून बसले. "दोन जावा बाजाराला निघाल्या समजा. एक शोरूमच्या बाजूनं सरळ चाललीय. दुसरी या बाईच्या बाजूनं, आन् ती प्रत्येक पायरीवर चढायली, प्रत्येक कोनाड्यात जायली. दोघींची वाट सारखी लांब आहे का?"

"नाही."

"मग तिचे शंभर भाग वेगळे, हिचे वेगळे. पन्नासाव्या भागाला दोघी समोरासमोर राहिल्यात का? एक पुढं निघून गेली. तुम्ही त्यांना दोरीनं जोडलं, ती दोरी तिरकी. सरळ गल्लीत तिरकी दोरी खपून जाते. वळणावर ती कोपरा कापते, आन् तिचा मध्य आतल्या घरात शिरतो."

काकांनी खिशातून डबा काढला. दुपारभर चकत्या बसवल्या, सुया टोचल्या. पोळ्या झाल्यावर तव्याला येतो तसा वास कागदाला यायचा, त्यांच्या तळहाताचा. मध्य समोर सरकला. माझा दारापुढचा फूटभर ओटा आन् खोलीतले चार फूट जात होते, शोरूमचे पाच.

चार गेले तर पाच उरतात. पाचात मशीन राहते.

साहेबांनी बघितलं, काकांना आत नेलं आन् दार लावून घेतलं. पण काचेची खोली, सगळं ऐकू येतं. "चचा, ये बाई का घर है ना उधर? रोज चाय पिलाती आप को. लोग क्या बोलेंगे?"

काका बाहेर आले. माझ्या हातातला कप बघितला. "बाई, हे काम संपेपर्यंत तुमच्या हातचा चहा नको. पाणी पण मी घरून आणीन."

मला लागलं ते. मी एवढंच म्हणलं, "बरं." पुढचे बारा दिवस त्यांनी तोंडाला कप लावला नाही. चहाशिवाय त्यांचं डोकं धरायचं, कपाळाला रुमाल बांधून बसायचे, पण नाही.

दुसऱ्या दिवशी ते गल्लीत आले, स्वतः बघायला. हातात टेप. शोरूमची भिंत बघितली, शेजाऱ्यांच्या बघितल्या, मग माझ्या दाराशी आले. दारापुढं फूटभर रुंद ओटा होता, मालकांनीच बांधलेला. बसायला, वाळवण घालायला.

"बाई, हा ओटा घराबरोबरचाच का नंतरचा?"

मी त्यांच्याकडं बघून सांगितलं, "घराबरोबरचाच."

खोटं होतं. घर झाल्यावर दोन वर्षांनी बांधला, रस्त्यावर. मला ठाऊक होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आन् ज्यानं मोजणी केली त्यानं ओट्याची कडा हीच घराची कडा धरली होती, ते पण मला नक्षावर दिसलं होतं. कडा जितकी रस्त्यात, तितका मध्य समोर ढकलला जातो. मी बारा महिने त्या माणसाचं ऐकत होते, मला एवढं कळायला लागलं होतं.

काका खाली बसले. ओटा आन् भिंत जिथं मिळतात तिथं केसाएवढी भेग होती. एकदम बांधलं तर भेग पडत नाही. त्यांनी तिच्यात नख घातलं, काढलं, फुंकलं. माझ्याकडं बघितलं पण नाही. उठून गेले.

ऑफिसात जाऊन त्यांनी वळणावरच्या सगळ्या चकत्या पुन्हा बसवल्या, या वेळी माझ्या भिंतीपासून. माझ्या खोलीतले साडेचार फूट निघाले. अर्धा फूट वाढला.

मी मशीनपाशी उभी होते. मी म्हणलं, "काका, अर्धा फूट. तुमच्या कागदावर तो दिसत पण नाही. माझी पोरगी तिथं मशीनची खुर्ची ठेवती."

"हौ," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? शोरूमच्या शेठनं म्हणलं सरकवा, मी नाही म्हणलं. तुम्ही म्हणलं सरकवा, आन् मी हौ म्हणलं, तर शेठच्यात आन् माझ्यात फरक काय राहिला? तुम्ही गरीब आहेत एवढाच?"

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या टेबलाखाली झाडलं नाही. पेन्सिलीचा भुगा तसाच. ते पाय वर घेऊन बसले.

इकडं मॅडम गप्प बसली नव्हती. तिनं कंप्युटरमधेच चकत्या करायला घेतल्या. म्हणजे गोल काढायचा, दोन्ही रेषांना टेकवायचा, पुढचा काढायचा. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आली आन् काकांच्या कागदावर ठेवून उजेडात धरला. दोन्ही मध्य एकावर एक. माझे साडेचार.

"काका, माझं चुकलं होतं."

"चुकलं नव्हतं. तुम्ही अंदाजे केलं होतं."

ती हसली. साहेब हसले नाहीत. पहिला नक्षा वर गेला होता, तिथं सगळ्यांना आवडला होता, शोरूमवाल्याला सगळ्यात जास्त. त्याची एक पायरी तेवढी जाणार होती. साहेबांनी तोच नक्षा काकांच्या पुढं ठेवला. "चचा, साइन करो. ऊपर पास हो गया. आप को क्या करना है?"

"सकाळी बघतो."

सकाळी आले. बघितला. पेन काढलं नाही.

साहेब म्हणाले, "रिटायर आदमी को रखा मैं. दूसरा कोई रखता?"

"मेहेरबानी तुमची. पण हा मध्य नाही."

"तो क्या है?"

"शोरूमची वाट आहे."

साहेबांचा आवाज चढला, काकांचा नाही. त्यांनी डबा खिशात घातला, दोन पेन्सिली रुमालात गुंडाळल्या, आन् दोन्ही बाजूंच्या टेबलांच्या मधून निघून गेले. नक्षावर दुसऱ्याच कुणाची तरी सही झाली. संध्याकाळपर्यंत पंखे सगळे चालू. किती दिवसांनी वारा लागला, आन् कुणाला बरं वाटलं नाही.

त्याच दिवशी मॅडम माझ्या मशीनपाशी आली. चकत्यांचा नक्षा टेबलावर ठेवला. "मावशी, याची एक कॉपी काढा." काढली. ती घ्यायला काही आली नाही. पाच वाजता एसीच्या खोलीला कुलूप लावून, माझ्या समोरून, कॉपीकडं न बघता घरी गेली. मी ती गुंडाळून पदराखाली घेतली. त्या ऑफिसातून मी आयुष्यात दुसरं काही आणलं नाही, चहाची पत्ती पण नाही.

पंधरा दिवसांत आमच्या भिंतींवर लाल खुणा पडल्या. माझ्या खोलीत आत येऊन, आठ फुटांवर, माणसानं ब्रशनं फुली मारली. रस्त्याच्या मधे खिळे ठोकले, त्यांच्या मध्याचे. गल्लीतले लोक म्हणाले, अर्ज करू, मोर्चा नेऊ. करा म्हणलं. मी काचीगुड्याला काकांच्या घरी गेले. नक्षा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला, म्हणाले, "बरोबर आहे. जपून ठेवा." मी म्हणलं, "जपून ठेवून काय करू? पूजा?" ते म्हणाले, "मी रेषा काढणारा माणूस आहे, बाई. पुढचं मला येत नाही."

पुढचं मला येत होतं.

माझा मावसभाऊ मिस्त्री होता. त्याला बोलावलं. म्हणलं, पुढची भिंत पाड. ओटा पाड. साडेचार फूट आत नवी भिंत घाल.

थोरली मशीनला धरून बसली. "आई, ते तोडायला येणारच हायेत. आपणच आपलं घर तोडायचं?"

"तुटायचं तर आहेच. किती तुटायचं ते माझ्याकडं कागदावर आहे. जेवढं रस्त्याचं तेवढं मी देते. त्याच्यावर एक वीट नाही."

"आन् समोरचा? तो देणार का?"

"त्याचं त्याला विचार."

पहिला घाव मीच घातला. मिस्त्री म्हणाला, आक्का, बाजूला हो. मी म्हणलं, या विटा माझ्या माणसानं वाहिल्यात, परक्यानं सुरुवात करायची नाही. तीन दिवसांत भिंत पाडून त्याच विटांची नवी भिंत उभी केली. जुन्या भिंतीचा पाया तेवढा जमिनीत ठेवला, मुद्दाम. घर कुठपर्यंत होतं ते दिसायला पाहिजे.

तोडायला आले तेव्हा सकाळचे दहा वाजलेले. अधिकारी एक, तेलुगू माणूस, छत्री घेतलेला. पाच-सहा मजूर, पहारी, घण. माझ्या घरासमोर आले आन् थांबले. जिथं भिंत असायला पाहिजे तिथं भिंत नव्हती. मी नव्या भिंतीच्या दारात बसलेले, मांडीवर नक्षा. काकांना निरोप धाडला होता. ते रस्त्याच्या मधे उभे होते, दोन रिक्षा अडवून.

अधिकारी म्हणाला, "अम्मा, ये कौन तोडा?"

"मैं तोडी."

"किस के ऑर्डर से?"

"नाप के तोडी. जित्ता रस्ते का था उत्ता दे दी. बाकी मेरा है."

"आठ फीट जाना है. मार्किंग है."

"मार्किंग झूटी है."

तो थकल्यासारखा हसला. "कंप्युटर का नक्शा है, अम्मा. कंप्युटर झूट नहीं बोलता."

काका पुढं आले. "झूट नहीं बोला. उस को जो पूछे वो बताया. दोरी है किसी के पास?"

धाकटीनं वाळवणाची दोरी सोडून आणली. काकांनी ती त्यांच्याच लाल खिळ्याला बांधली, त्यांच्याच मध्याला. दुसरं टोक ताणून माझ्या जुन्या पायापर्यंत आणलं, टेकलं तिथं गाठ मारली. मग तीच दोरी घेऊन, खिळ्याभोवती फिरून, शोरूमकडं चालायला लागले. गाठ आली, दोरी संपली, आन् काका रस्त्यातच उभे. शोरूमची भिंत त्यांच्यापासून सात फूट लांब.

ते अधिकाऱ्याला म्हणाले, "ये बीच है?"

सगळी गल्ली गोळा झालेली. हापशीपाशी एक म्हातारी होती, ती तेलुगूत म्हणाली, माझ्या वरवंट्याला पण यापेक्षा चांगला मध्य कळतो. मजूर हसले. त्यातल्या एकानं पहार खाली ठेवली आन् माझ्या जुन्या पायावर बसला. मग दुसरा बसला.

अधिकाऱ्यानं माझा नक्षा मागितला. मी हातात दिला नाही, धरून दाखवला. त्यानं छत्री मिटली, टेप काढला, जुन्या पायापासून नव्या भिंतीपर्यंत मोजलं. दोनदा मोजलं.

"साडेचार से जादा है," तो म्हणाला.

काका वाकले, टेप बघितला आन् माझ्यावर चिडले. "बाई, दोन बोटं जास्त तोडलं तुम्ही."

"मिस्त्रीनं धरलं असंल. राहू द्या, रस्त्याला दिलं."

"राहू द्या कसं? तुमचं आहे ते." मग अधिकाऱ्याकडं वळले. पहारी आणलेले सहा जण समोर, आठ फुटांची फुली अजून आत लाल, आन् हा माणूस त्याला सांगतो, "साब, पहले लिखो. इन को दो उंगल वापस देना है."

हा वेडा आहे का बेरकी आहे ते अधिकाऱ्याला ठरवता येईना. माझं पण कधी ठरलं नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, म्हणाला रिपोर्ट करतो, आन् मजुरांना घेऊन खालच्या गल्लीकडं गेला. माझ्या भिंतीला हात लागला नाही. त्या दिवशी नाही आन् नंतर पण नाही.

शोरूमवाल्यानं कोर्टाचा कागद आणला. त्याची पायरी तेवढी गेली. म्हणून वळणावर रस्ता अजून पण दबलेला आहे, दोन गाड्या समोरासमोर आल्या की भांडण. ऑफिसातून मला काढलं, मी दुसरीकडं लागले. काका पुढं पाच-सहा वर्षं होते. कधी आले तर मधोमध चालत यायचे.

लोक मला अजून म्हणतात, आक्का, तो शोरूमवाला बसला की नाही तसाच, तूच येडी, आधी तोडून मोकळी झाली. मी म्हणते, तो चुकीच्या जागी बसलाय. मी नाही.

त्या दोन बोटांचं काकांनी सोडलं नाही. मिस्त्रीला धरून आणला, पाण्यात दोरी भिजवून भिंतीपुढं जमिनीवर रेष मारली, आन् बाहेरून दोन बोटं जाड गिलावा करून घेतला, रेषेपर्यंत. एवढा गिलावा कुणी करत नाही. अंबरपेठेत दुसऱ्या कुणाच्या भिंतीला नसेल. बाहेरच्या बाजूनं खिळा ठोकला तर पार डोक्यापर्यंत आत जातो, तरी विटेला लागत नाही.